पुसलेल्या पाइपाचं दुसरं टोक

आवाजी वाचनालयाचा सर्व्हर तळमजल्यावर, जिन्याखालच्या अरुंद खोलीत होता. ती खोली मुळात झाडू-बादल्यांची. अजूनही दार उघडलं की आधी फिनाइलचा वास येई आणि मागून यंत्राची ऊब. नाना रोज सकाळी आले की डबा टेबलावर ठेवायच्या आधी त्या दारात उभे राहत, मान तिरकी करून पंख्याचा आवाज ऐकत, आणि मगच कामाला लागत. घरात कुणी आजारी असलं की आपण जसं उठल्याबरोबर त्याच्या खोलीत डोकावतो, तसं.

वाचनालय अंधांसाठी होतं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या भिंतींना गालिचे ठोकले होते. तिथे लोक येऊन पुस्तकं मोठ्याने वाचत आणि ते ध्वनिमुद्रण सर्व्हरवर साठत जाई. ऐकणारे घरून फोन करत. फोनच्या टेबलाशी मावशी बसत. त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण त्यांना दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. फोनवरून कुणी पुस्तक आणि प्रकरण सांगितलं की मावशी ते टाइप करत, आणि सर्व्हर ते प्रकरण त्या माणसाच्या फोनवर लावून देई. एखादं वाक्य निसटलं, तर ऐकणाऱ्याने फोनवरचं स्टारचं बटण दाबायचं. एक बारीक सूर वाजे आणि वाचन एक वाक्य मागे जाई.

मावशींच्या टेबलापासून सर्व्हरपर्यंत हे सगळं पोचायचं ते पाइपातून. हा पाइप म्हणजे नळ नव्हे. डिस्कवर एखाद्या फाइलीसारखं त्याचं नाव दिसतं, पण त्यात काही साठत नाही. एका टोकाने एक प्रोग्रॅम शब्द आत टाकतो आणि दुसऱ्या टोकाशी दुसरा प्रोग्रॅम कान लावून बसलेला असतो. हा कान लावून बसणारा नानांनी लिहिलेला होता. असे प्रोग्रॅम कुणाला न दिसता दिवसरात्र चालू असतात; नानांच्या धंद्यात त्यांना डीमन म्हणतात. मावशी त्याला नानांचा मुका नोकर म्हणत.

त्या दिवसांत नानांच्या आयुष्यात मुक्यांची गर्दीच झाली होती. त्यांची बायको ही वाचनालयाची सगळ्यात जुनी वाचक. तिचा आवाज गोड वगैरे नव्हता, भरीव होता. ऐकताना कुणीतरी पाठीवर हात ठेवून बसलंय असं वाटे. एका नावाड्याच्या तीन पिढ्यांची जाडजूड कादंबरी ती गेलं वर्षभर वाचत होती. शेवटची तीन प्रकरणं राहिली असताना तिचा घसा बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत. काही महिने एक शब्द बोलायचा नाही. कुजबुज तर मुळीच नाही, ती जास्त वाईट. नाही ऐकलंत तर आहे तो आवाजही जाईल.

तेव्हापासून ती गळ्यात दोरीने एक छोटा पांढरा फळा अडकवून घरात वावरत असे. पहिल्याच दिवशी तिने त्यावर लिहिलं होतं, "लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडे बघून ऐकताय."

नाना हसले होते. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवत राहिले होते. घर इतकं शांत झालं होतं की भिंतीवरचं घड्याळ कुणीतरी नवीनच आणून लावल्यासारखं वाजे.

डीमनची खोड त्याच सुमाराला वर आली. संध्याकाळी मावशी आपला प्रोग्रॅम बंद करून घरी जात, तेव्हा पाइपाचं त्यांच्याकडचं टोक मिटे. डीमन वाचायला जाई तर उत्तर मिळे, संपलं. शहाण्या माणसाने मग हातपाय दुमडून बसावं. डीमन लगेच त्या नावाचा पाइप नव्याने उघडून पुन्हा वाची. पुन्हा उत्तर येई, संपलं. पापणी लवेपर्यंत हजारदा तेच विचारणं आणि तेच उत्तर, आणि हे सकाळपर्यंत. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, त्यातली गत. काम काडीचं नाही आणि यंत्र मात्र तापून लाल.

"नाना, तुमच्या नोकराला दम लागलाय," मावशी म्हणाल्या. "सकाळी दार उघडलं तर आत भट्टी."

"बघतो."

"बघतो बघतो ऐकून माझे केस पिकले."

"ते आधीच पिकले होते, मावशी."

"मग किती वर्षं बघताय ते बघा."

नानांनी उपाय केला तो जुना आणि सोपा. डीमनने ऐकण्याचं टोक धरावंच, शिवाय बोलण्याचंही टोक स्वतःच उघडून हातात ठेवावं. बोलायचं काही नाही, नुसतं धरून बसायचं. म्हणजे मावशी गेल्या तरी पाइपाची दोन्ही टोकं उघडी राहतात, 'संपलं' असं उत्तर येतच नाही, आणि शब्द येईपर्यंत डीमन निवांत झोपतो. पंखा गप्प झाला. नाना खूश झाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकाही ऐकणाऱ्याला काही ऐकू आलं नाही.

कारण मावशींची शिस्त. झाडल्याशिवाय दुकान उघडायचं नाही, या त्यांच्या हट्टापायी त्यांचा प्रोग्रॅम रोज सकाळी कालचा पाइप पुसून टाकी आणि त्याच नावाचा नवा बनवी. पत्ता तोच, पण घर पाडून नवं बांधलेलं. आणि आपला माणूस जुन्याच घराच्या दाराशी कान लावून बसलेला. मावशींनी त्या दिवशी नानांचं जे डोकं खाल्लं त्याला तोड नव्हती.

मग नानांनी त्यात आणखी भर घातली. पाइप ज्या कप्प्यात बनतो त्या कप्प्यावर पहारा ठेवायचा. तिथे नवा पाइप बनला की डीमनला हलवून जागं करायचं, त्याने नवा पाइप उघडायचा आणि पुन्हा झोपायचं. मधे कसलीही धावपळ नाही. हे झाल्यावर खरं तर जुना पाइप सोडून द्यायला हवा होता. एका ओळीचं काम. पण नाना म्हणजे दाराला कुलूप लावून चार पावलं गेल्यावर परत येऊन ते ओढून बघणारा माणूस. जुन्या पाइपात कुणाचा एखादा शब्द अडकलेला असला तर? मावशींनी टाकलेला आणि अजून न उचललेला? त्यांनी ती ओळ लिहिली, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि खोडली. राहू दे. दोन दिवस बघू.

म्हणजे डीमन नवा पाइप ऐकणार होता आणि जुनाही. जुन्याचं नाव पुसलेलं, त्यामुळे डिस्कवर तो कुठेच दिसणार नव्हता, कुणाला सापडणार नव्हता. पण जोवर कुणीतरी त्याला हातात धरून आहे, तोवर तो असणार होता.

हा बदललेला डीमन ज्या दिवशी चालू झाला, त्याच दिवशी मागे-आजोबा वारले.

हे नाव मावशींनीच ठेवलेलं. हे एक वृद्ध गृहस्थ रोज जेवणानंतर फोन करत, नावाड्याची कादंबरी लावा म्हणत आणि सारखं स्टारचं बटण दाबत. मावशींनी एकदा न राहवून विचारलं होतं, आजोबा, ऐकू येत नाही का नीट?

"येतं की," ते म्हणाले होते. "पण एकदा ऐकून वाक्य आपलं होतं का?"

त्यांच्या सुनेने फोन करून कळवलं. खुर्चीतच गेले. फोन कानाशी होता आणि त्यातून बाईंचं वाचन चालू होतं. तेवढ्यावर बंद करायला आमचा जीव होईना, ती म्हणाली. प्रकरण संपेपर्यंत तसंच राहू दिलं. ध्वनिमुद्रण झालेलं ते शेवटचं प्रकरण होतं.

नानांनी ही बातमी बायकोला सांगितली तेव्हा तिने फळा हातात घेतला आणि काही न लिहिता तो परत गळ्यात सोडला.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. सर्व्हरची खोली थंड असे. नाना आणि मावशी दुपारी नानांच्या टेबलाशी डबे उघडत. तेवढा वेळ मावशी फोन बाजूला काढून ठेवत आणि त्यांचा प्रोग्रॅम बंद असे. नानांच्या पडद्याच्या एका कोपऱ्यात डीमनला येणाऱ्या मागण्या एकेका ओळीने दिसत, म्हणून जेवताना तो कोपरा रिकामा असे.

एक दिवस तिथे ओळ उमटली. नावाड्याची कादंबरी, शेवटचं ध्वनिमुद्रित प्रकरण.

"मावशी, फोन चालू राहिलाय का तुमचा?"

"जेवताना मी यमाचासुद्धा फोन घेत नाही."

नाना बघत राहिले. डीमनने प्रकरण लावलं. थोड्या वेळाने दुसरी ओळ आली: मागे. मग काही वेळ काही नाही. मग पुन्हा: मागे.

नानांनी पोळीचा तुकडा तसाच ठेवला आणि खाली गेले. मागणी आली होती ती मावशींच्या पाइपातून नव्हती. डीमनच्या हातात आता पुसलेल्या पाइपांची एक माळच झाली होती, रोजचा एक. त्यांतला पहिला, सगळ्यात जुना, बोलत होता. मागणीत फोनचा क्रमांक लिहायची जागा असते, ती मोकळी होती. डीमन बिचारा ते वाचन कुठल्याच फोनवर न लावता, नुसतंच लावत होता.

नानांनी शांतपणे विचार केला. नाव पुसलेल्या पाइपात बाहेरून कुणी शब्द टाकू शकत नाही. कुठे टाकणार? ज्याने तो पुसण्याआधीच उघडून धरलाय, तोच टाकू शकतो. त्यांनी शोधलं. यंत्रावर असा एकच प्रोग्रॅम होता, तो म्हणजे डीमन. बोलण्याचं टोक त्याच्याच हातात होतं, कारण ते नानांनीच दिलं होतं. पण त्याला बोलायला त्यांनी शिकवलंच नव्हतं. नानांनी सगळा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. आपलंच काहीतरी चुकत असणार, आपलं नेहमीच चुकतं, असं म्हणत दुसऱ्यांदा वाचला. त्यात बोलण्याची ओळ नव्हती.

कानाला हेडफोन लावून त्यांनी ते वाचन ऐकलं. बायकोचा धडधाकट आवाज. किती दिवसांनी ऐकला. नावाडी होडी किनाऱ्याला लावत होता. वाक्य संपलं, एक क्षण गेला, आणि तेच वाक्य तिने पुन्हा म्हटलं. ज्याने मागे नेलं, त्याने अगदी वाक्य संपताक्षणी नेलं होतं. ऐकणाऱ्यालाच ते जमतं.

वर आल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, असं सारखं मागे-मागे करणारं आपल्याकडे आणखी कोण आहे?"

"आणखी कोण? एकच होते." मावशींनी डब्याचं झाकण लावलं. "ते तर गेले की."

"हो."

"मग?"

"काही नाही. पाणी द्या जरा."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच पाइपातून पुढचं प्रकरण मागितलं गेलं. जे तिने अजून वाचलेलंच नव्हतं ते. डीमनने उत्तर दिलं, नाही. थोडा वेळ गेला. पुन्हा तीच मागणी. उत्तर, नाही. तिसऱ्या दिवशीही तसंच. मागणाऱ्याच्या मागण्यात घाई नव्हती. दुकानात माल आला का म्हणून जाता-येता विचारावं, तसं.

नानांची चूक झाली ती इथे. त्यांनी हे घरी सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं, निदान स्वतःला त्यांनी तसं बजावलं होतं. घरात बोलणारे ते एकटेच उरले होते आणि रोज काहीतरी सांगायला लागे. बायको भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. तिने फळा ओढला.

"वाट बघतायत."

"अगं, कुणी नाहीये तिथे. प्रोग्रॅमची खोड आहे काहीतरी. मला सापडत नाही, एवढंच."

तिने फळा पुसला. लिहिलं, "एकच प्रकरण."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

तिने फळ्यावरच्या दोन शब्दांखाली एक रेघ ओढली.

बायकोपुढे नानांचं कधी चाललं होतं, ते आता चालणार? दुसऱ्या दिवशी सकाळी ती गालिच्याच्या खोलीत जाऊन बसली. नाना काचेच्या अलीकडे उभे राहिले. तिने पुस्तक उघडलं, तळहाताने पान सपाट केलं, आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. पहिला शब्द बाहेर पडला तो दाराची बिजागरी करकरावी तसा. नानांनी काचेवर टकटक केली. तिने मान वर केली नाही. हळूहळू आवाज लागला. जुना नव्हे, पण त्याचा भाऊबंद म्हणता येईल असा. मधेच फाटे, ती थांबून पाण्याचा घोट घेई आणि पुढे जाई.

दुपारी मागणी आली. या वेळी डीमनने नाही म्हटलं नाही.

नाना खालच्या खोलीत हेडफोन लावून उभे होते. 'मागे' आलं, ते बरोबर जिथे तिचा आवाज फाटला होता तिथे. पुन्हा तिथेच. आणि पुन्हा. नानांच्या असं मनात आलं की हा माणूस वाक्य समजावं म्हणून मागे जात नाहीये. मग त्यांना वाटलं, आपण फार पुस्तकं वाचतो, म्हणून असले विचार येतात.

प्रकरण संपलं आणि लगेच पुढच्याची मागणी आली.

त्या एका प्रकरणाची दोन झाली. दुसऱ्या वेळी ती काचेच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिने नानांना हाक मारायला म्हणून ओठ हलवले आणि नुसती हवा आली. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, नळी काढली, हात धुतले. हात पुसतानाच ते म्हणाले, "बाई, आता एक पान जरी वाचलंत, तर पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नका. येऊन उपयोग नाही."

ती मान डोलवत होती. घरी येताना रस्त्यावर तिने फळ्यावर लिहून नानांपुढे धरलं, "एकच राहिलंय."

"नाही," नाना म्हणाले. बायकोला इतक्या स्पष्ट शब्दांत नाही म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. "आता मी नाही ऐकणार."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि फळा उलटा करून छातीशी धरला.

शेवटच्या प्रकरणाची मागणी रोज येत होती. आधी जेवणाच्या वेळी. मग सकाळीही. मग मावशी फोनवर बोलत असताना, इतरांच्या मागण्यांच्या मधे-मधे. डीमन दर वेळी नाही म्हणे आणि दर वेळी मागणी पुन्हा येई. मधलं अंतर कमी-कमी होत गेलं. एका सकाळी नाना आले तर दारापर्यंत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. सर्व्हरच्या पडद्यावर ओळी मोजता येऊ नयेत इतक्या वेगाने सरकत होत्या. सगळ्या एकच.

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी पडदा पाहिला. त्यांना त्यातलं कळत नसे, पण कादंबरीचं नाव त्यांना वाचता आलं.

"नाना, हे कोण मागतंय?"

नानांनी मान तिरकी करून पंख्याचा आवाज ऐकला.

"माणूस वाट बघायला लागला की आधी गप्प बसतो," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "मग येरझाऱ्या घालतो." त्यांनी पडद्याकडे हनुवटीने खूण केली. "बंद करता येतं का ते?"

"येतं. पण मग परत उघडता येणार नाही. नाव पुसलेलं आहे त्याचं. हाक कशी मारणार?"

"वहिनींच्या घशाला काय म्हणाले डॉक्टर?"

नानांनी सांगितलं.

"मग कसला विचार करताय?"

नानांनी खोडलेली ती एक ओळ पुन्हा लिहिली. जुना पाइप सोडून दे. मग डीमन थांबवला. तो थांबला तसे त्याच्या हातातले सगळे पुसलेले पाइप सुटले, पहिलाही. पंखा हळूहळू उतरत गेला. खोलीत फिनाइलचा वास पुन्हा जाणवायला लागला. नानांनी नवा डीमन चालू केला. त्याच्या हातात एकच पाइप होता, आजचा, नाव असलेला. पडद्याचा कोपरा रिकामा राहिला.

जेवणाच्या वेळीही रिकामाच राहिला.

मावशींनी स्वतःच्या डब्यातला घास नानांच्या डब्यात ठेवला. "जेवा," त्या म्हणाल्या. "चांगलं केलंत."

नाना त्या दिवशी लवकर घरी गेले. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते. बंद केलं म्हणून सांगायचं. रागावेल. रागावू दे. फळ्यावर काय लिहायचं ते लिहू दे. काही महिन्यांनी बोलायला लागेल तेव्हा तोंडाने रागावेल, तेही ऐकू.

घरात उन्हाची तिरीप पुढच्या खोलीच्या मधोमध आली होती. बायको खिडकीशी पाठमोरी बसली होती. मांडीवर पुस्तक होतं, तीच जाड कादंबरी. शेवटची थोडी पानं उजव्या बाजूला उरली होती.

नानांनी चपला काढल्या. "अगं, ते बंद केलं मी आज."

तिने ऐकल्याचं दाखवलं नाही. तिचं बोट ओळीवरून सरकत होतं. खिडकीच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. ओठ हलत होते. आवाज नव्हता, कुजबुजही नव्हती. मनातल्या मनात वाचतेय, नानांना वाटलं. वाचू दे. त्याने काही बिघडत नाही.

मग बोट थांबलं, ओळीच्या सुरुवातीला गेलं, आणि पुन्हा त्याच ओळीवरून सरकलं.

नाना जागीच थबकले.

थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं.

कोपऱ्यातल्या तिपाईवर घरचा फोन होता. रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला. कुणी मधे बोलावू नये म्हणून ठेवला असेल, असं म्हणत नानांनी तो जागेवर ठेवायला उचलला. सवयीने आधी कानाला लावला.

आत नेहमीचा सूर नव्हता. आत बायको वाचत होती.

फाटलेला आवाज नव्हता तो, काचेच्या खोलीतला. गाठींच्या आधीचा, भरीव. नावाड्याचा नातू जुनी होडी पाण्यात ढकलत होता. हे शेवटचं प्रकरण होतं. नानांनी पुस्तकात ते वाचलं होतं, पण तिच्या आवाजात ते कुठेच नव्हतं. सर्व्हरवरही नव्हतं.

नानांनी खिडकीकडे पाहिलं. काचेतले ओठ आणि कानातले शब्द एकाच वेळी मिटत होते.

खोलीत घड्याळ वाजत होतं. दुसरा कसलाही आवाज नव्हता.

रिसीव्हरमध्ये बारीक सूर वाजला. कुणीतरी, कुठेतरी, बटण दाबलं होतं. खिडकीशी बसलेल्या बायकोचं बोट ओळीच्या सुरुवातीला गेलं.

"अगं," नाना म्हणाले.

तिने वळून न बघता मोकळा हात वर केला. थांबा जरा, असं.

नानांचा हात फोनकडे गेला. रिसीव्हर जागेवर ठेवला की झालं. एका ओळीचं काम. आणि मग ती पुन्हा नुसती फळा घेऊन बसेल, आणि हा आवाज जिथे आहे तिथे हाक कशी मारायची, ते कुणालाच माहीत नसेल.

त्यांनी पायाने स्टूल ओढलं आणि बसले.

आत होडी पाण्याला लागली. वल्हं पहिल्यांदा बुडलं. फार चांगलं वाक्य होतं ते. तिने ते घाई न करता वाचलं. ती पुढच्या वाक्याला लागणार, एवढ्यात नानांच्या अंगठ्याने स्टारचं बटण शोधलं.

खिडकीशी तिचं बोट एक ओळ मागे गेलं.